बाहेर बूट नव्हते

साइटवर तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे थांबाबाई. दिवसभरात तिच्या तोंडून 'थांबा' इतक्या वेळा निघे की हे नाव पडलं नसतं तरच नवल. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. भांडारात हेल्मेटं वाटण्यापासून सुरुवात करून, नोकरी आणि घर सांभाळत परीक्षा देत देत ती सुरक्षाप्रमुख झाली होती. नावं ठेवणाऱ्यांकडे बघायला तिला सवड कुठे होती? खरी परीक्षा घरी असे. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कुणी पडलं?" ती म्हणायची, "नाही." त्यावर सासूबाई, "मग दिवसभर केलंस काय?" याचं उत्तर तिला कधी सापडलं नाही, तिच्या धंद्यातल्या कुणालाच सापडलेलं नसावं.

काम मोठं होतं. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी वसतिगृह, पण विटेवर वीट रचून नव्हे. खोल्या कारखान्यात तयार होत. फरशी, खिडकी, न्हाणीघर, बेसिन, वर आरसा, सगळं जागच्या जागी बसवलेली अख्खी खोली ट्रेलरवरून येई. आवारात तिची उरलीसुरली कामं होत आणि मग क्रेन तिला उचलून आधीच्या खोलीच्या डोक्यावर नेऊन ठेवी.

या खोल्यांनी तिच्या डोक्याला ताप करून ठेवला होता. परांचीवर चढलेला माणूस आपणहून जपतो, कारण खाली बघितलं की पोटात गोळा येतो. खोलीत शिरलेला माणूस मात्र घरी आल्यासारखा वागतो. हेल्मेट काढून दाराच्या मुठीला अडकवतो, आरशात बघून भांग पाडतो, भिंतीला टेकून पाय पसरतो. ही खोली थोड्या वेळाने हवेत जाणार आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

त्यात बुटांची भानगड. नव्या फरशीवर चिखल लागला की फिनिशिंगचा सुपरवायझर आकाशपाताळ एक करी, म्हणून माणसं उंबऱ्याबाहेर बूट काढून मोज्यांवर आत जात. दाराशी बुटांचा ढीग. एक वायरमन त्यात अडखळून तोंडावर आपटला आणि पुढचा दात घालवून बसला. थांबाबाईने लगेच नियम काढला: बूट बाहेर ठेवायचे नाहीत, प्रत्येकाला पिशवी मिळेल, बूट पिशवीत घालून सोबत न्यायचे. पिशव्या आल्या, दारं मोकळी झाली, अडखळणं बंद. मोठ्या साहेबांनी, म्हणजे प्रकल्पप्रमुखांनी, चारचौघांत तिचं कौतुक केलं. तिलाही बरं वाटलं. का वाटू नये?

मग एका दुपारी क्रेनने एक खोली उचलली. ती जेमतेम गुडघाभर वर गेली असेल नसेल, तोच आतून दार उघडलं आणि उंबऱ्यात एक प्लंबर उभा. हातात पाना, खांद्याला बुटांची पिशवी, बाहेर टाकायला उचललेला पाय तसाच अधांतरी. खाली उभ्या सिग्नलमनने, म्हणजे हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला वर-खाली सांगणाऱ्या माणसाने, झटकन खूण केली आणि खोली खाली आली. प्लंबर तोवर न्हाणीघराचं दार लावून बेसिनखाली आडवा होऊन नळ आवळत होता. त्याला खरचटलंही नव्हतं. त्याने दार आणखी थोडं उशिरा उघडलं असतं, तर तो पाय थेट हवेत पडला असता.

"दोघांनाही घरी पाठवा," मोठे साहेब म्हणाले. "प्लंबरलाही आणि सिग्नलमनलाही. सकाळच्या बैठकीत तुम्हीच सांगा, निष्काळजीपणा केला म्हणून काढलं. जरब बसली पाहिजे."

खोटं कशाला बोला, तिच्याही मनात तेच होतं. ती संतापली होती. तशीच ती सिग्नलमनकडे गेली. तो एका सिमेंटच्या ठोकळ्यावर मान खाली घालून बसला होता. पिकल्या केसांचा, शांत माणूस. आजवर त्याच्या हातून एक काचसुद्धा तडकली नव्हती.

"आत कोण आहे ते बघितलं का नाहीत?"

"बघितलं की, मॅडम."

"काय बघितलं?"

"बाहेर बूट नव्हते."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. बाहेर बूट असले की आत माणूस, नसले की खोली रिकामी; तो एवढंच बघत आला होता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काय आहे? तिने पिशव्या वाटल्या आणि त्याचे डोळेच काढून घेतले. प्लंबरने तर मुकाट्याने नियम पाळला होता.

नवरा शाळेची बस चालवायचा. रात्री त्याने सगळं ऐकून घेतलं. "नियम वाईट होता का?"

"नव्हता."

"मग कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस? पुढच्या प्रकल्पाची बढती तोंडावर आलीय. साहेबांनी तुला तर काही म्हटलेलं नाही."

"त्या दोघांची नोकरी जातेय."

तिला भीती वाटत होती, आणि लाजही. बढती तिला हवी होती. खूप हवी होती.

सकाळच्या बैठकीत सगळे रांगेत उभे राहिले. मोठे साहेब बाजूला हाताची घडी घालून. ती म्हणाली, "काल या दोघांची चूक नव्हती. माझ्या पिशव्यांच्या नियमामुळे झालं. बूट आत गेले आणि माणूस दिसेनासा झाला. नियम काढताना मी कुणाला काही विचारलं नाही." साहेबांचा चेहरा उतरला, पण चारचौघांत ते काय बोलणार?

प्लंबरने हात वर केला. "म्हणजे मॅडम, मी नियम मोडला असता तर बरं झालं असतं, आणि पाळला म्हणून मरत होतो?"

"हो," ती म्हणाली.



दोघांची नोकरी राहिली. बढती गेली, साहेबांनी ती दुसऱ्याला दिली आणि तिला कारणही सांगितलं नाही. बैठकीच्याच दिवशी नवी पद्धत ठरली: उचलण्याआधी खोलीचं आणि न्हाणीघराचं, दोन्ही दारं उघडून आत बघायचं. पहिल्या खोलीत ती स्वतः शिरली. न्हाणीघर, दारामागची जागा, सगळं बघून बाहेर आली. "रिकामी आहे. घ्या वर," ती सिग्नलमनला म्हणाली.

त्याने मान हलवली, पण हात वर केला नाही. तिच्या बाजूने वाट काढून तो आत गेला. न्हाणीघराचं दार उघडल्याचा आवाज आला. कालपर्यंत तो तिच्या शब्दावर डोळे मिटून विसंबला असता. तिला ते लागलं, चांगलंच लागलं.

तो बाहेर आला. "माफ करा, मॅडम."

"माफी कसली?" ती म्हणाली. "पुढचीही मी बघून आले, तरी तुम्ही बघा."