टाचांवरचं यमक

मंडळी, भेगा पडलेल्या टाचा चादरीवर घासल्या की होणारी खरखर आठवते का? आज दुपारी ती पुन्हा माझ्या कानात वाजली.

ऐंशीच्या दशकात बदली होऊन आम्ही जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आलो. इथल्या कोरड्या थंडीत माझ्या बायकोच्या, मालतीच्या, टाचा फुटल्या. गावाहून कोकमतेलाचा गोळा आणा, असं ती दर वेळी सांगे आणि मी विसरे. शाळेतल्या कविता मात्र तोंडपाठ! एकदा कॉलनीतल्या मराठी मंडळींसमोर मी यमक जुळवलं, "पाय हिचे करती खरखर, चादर फाटे भरभर."

सगळे हसले. तीही हसली. पण त्या रात्रीपासून ती सतत मोजे घालते, झोपतानाही, अगदी उन्हाळ्यातसुद्धा.

आज सूनबाईने माझ्याच फुटलेल्या टाचांना कोको बटर चोळलं. चॉकलेटसारखा वास दरवळला. "बाबा, दुखतंय का?" एवढंच तिने विचारलं. मला मान वर करवेना.

डबी घेऊन मालतीकडे गेलो. म्हटलं, "पाय पुढे कर. तेव्हा माझं फार चुकलं."

"राहू द्या," म्हणत तिने मोजे आणखी वर ओढले.

म्हणून इथे, कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहितोय. चारचौघांत केलेली थट्टा चारचौघांतच मागे घ्यायला हवी ना?

थांबा, दारात कुणीतरी आलंय. मालती आहे, आणि चक्क अनवाणी!

"अहो कवी, झालं असेल लिहून तर या. आणि हे कोको बटर केसांनाही लावतात म्हणे. तुमच्या टकलावरचं यमक आज मी जुळवते."