टॉवेलात गुंडाळलेल्या झांजा

बळवंतराव गेल्याचे वृत्त मला माझ्या नातीने, मैथिलीने सांगितले. ती देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली, माझी पूजा आटोपू दिली आणि मग म्हणाली, "आजोबा, आमचे साहेब गेले..." त्याला आता महिना उलटला.

बळवंतराव लोखंडाचे ओतकाम करणाऱ्या एका फौंड्रीच्या कार्यालयाचे प्रमुख आणि पहाटे अंबाबाईच्या दर्शनाला माझे सोबती. महाद्वारातून त्यांनी "शास्त्रीबुवा, थांबा की!" म्हटले, तर ते गाभाऱ्यापर्यंत ऐकू यावे असा आवाज. या माणसापाशी कुणाचे गुपित सुरक्षित राहील, असे कोणी म्हटले असते तर मी हसलो असतो.

मैथिली त्यांच्याच कार्यालयात संगणकावर साच्यांचे आराखडे काढते. काही वर्षांपूर्वी तिला स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झाले. गोंगाट तिच्या अंगावर आघातासारखा येतो. फौंड्रीत दर शनिवारी मारुतीची आरती होई. झांजा सुरू झाल्या की ती कान दाबून जिन्याखाली बसे. सवलत मागावी तर कारण सांगावे लागणार, आणि कारण कळले की लोक बोटे दाखवणार, या भयाने ती नोकरीच सोडायला निघाली होती. अखेर मला सोबत घेऊन ती बळवंतरावांसमोर बसली. त्यांना हळू आवाजात बोलताना मी तेव्हा प्रथमच ऐकले.

"बाळ, तुला काय लागतंय तेवढं सांग. का लागतंय ते सांगायचं का न्हाय, तुझं तू ठरीव."

तिने सारेच सांगितले. "हे तुझं हाय. माझ्याकडनं बाहेर जायचं न्हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "शास्त्रीबुवा, तुमीबी..."

"मी मौनव्रती माणूस आहे."

"व्हय, त्याचंच भ्या वाटतंय. मौन सुटलं की तुमी प्रवचन करताय!"

पुढच्या शनिवारी त्यांनी झांजा स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवल्या. "माझ्या कानाला सोसंना झालंय. हळू म्हणा आरती. देव काय बहिरा हाय व्हय?" तानाजी फिटर सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, आवाज तोफंचा आन् कान लोण्याचं?" सारे हसले, बळवंतराव सर्वांत मोठ्याने. ही थट्टा त्यांनी अखेरपर्यंत सोसली. मैथिलीची जागा कारखान्याकडच्या दारापासून आत, शांत कोपऱ्यात हलवली, तेव्हा मालकांनी कारण विचारले. त्यांनाही एवढेच उत्तर मिळाले, "पोरीचं काम बघा की मालक. कारण माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." झांजा गुंडाळल्या त्या शनिवारपासून मैथिली आरतीला उभी राहू लागली. झांजांविना आरती उणी, असे मी जन्मभर मानीत आलो होतो... देवाला मात्र त्या दिवशी एक आवाज अधिक मिळाला.

फौंड्रीतल्या शोकसभेला मीही गेलो होतो. तानाजीने डोळे पुसत कपाटावरचे गाठोडे उतरवले. "साहेबांच्या कानापायी गप ऱ्हायलो. आज त्यांच्या नावानं वाजवूया."

मैथिली उठली.

"तानाजीकाका, कान त्यांचे नव्हते. माझे होते."

मग तिने आपल्याला काय होते ते आपल्याच शब्दांत, सावकाश सांगितले. तानाजीने हातातल्या टॉवेलाकडे पाहिले. "एवढी टिंगल केली... तरी बोललं न्हाईत की," तो पुटपुटला.

हे मी तिच्या अनुज्ञेने लिहीत आहे. झांजा अजून त्या कपाटावरच आहेत. टॉवेल तेवढा तानाजीने घरी नेऊन धुतला आणि वाळवून पुन्हा त्यांच्याभोवती गुंडाळला.