कोरी फ्लॉपी हवी आहे

मित्रांनो, माझा जुना कॉम्प्युटर आज सुरू झाला. पण त्याला ७२० केबीचीच फ्लॉपी चालते आणि ती आता दुकानात मिळत नाही.

जांबे गावातल्या आमच्या घरमालकीण काकूंनी वारलेल्या काकांची एक आणून दिली. "टायपिंगवाल्यानं दिल्याली. पुसून वापर."

फॉरमॅट करण्याआधी सवयीनं उघडली. आत काकांचा वॉचमनच्या नोकरीसाठीचा इंग्रजी अर्ज. शेवटी लिहिलं होतं, 'तुमची कंपनी माझ्याच शेतात उभी आहे.' मी मराठीत करून सांगितला.

काकू मग म्हणाल्या, "मला तर म्हणायचे, त्या कंपनीच्या दारात पाय ठेवणार न्हाई. पूस आता."

कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करायचं का? माझ्यानं 'वाय' दाबवेना.

कुणाकडे ७२० केबीची फ्लॉपी आहे का? कोरीच हवी.