शेवटच्या छत्रीचा नैवेद्य

आपण लिहावे की नाही, या विचारातच माझी निवृत्तीनंतरची बरीच वर्षे निघून गेली. नोकरीत मी जे काही लिहिले ते बिघाडांचे अहवाल होते: काय बिघडले, काय बदलले, आता चालू आहे. एवढ्या शिदोरीवर वाचकांसमोर येणे हा आगाऊपणाच आहे, याची मला जाणीव आहे. तरी एक दुपार मनातून जात नाही, म्हणून हे धाडस करते. लेखनाची रीत चुकल्यास क्षमा असावी.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवारात रेडिओ दुर्बिणींचे एक जाळे पसरलेले आहे. नव्वदच्या दशकात ते उभे राहत असताना मी तेथे अभियंता म्हणून रुजू झाले. तारांच्या जाळीच्या त्या अवाढव्य तबकड्यांना आसपासचे लोक छत्र्या म्हणत, आणि थोड्याच दिवसांत आम्हीही तेच म्हणू लागलो. काही छत्र्या मध्यभागी दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या तीन दिशांना दूरदूर, कुणाच्या कांद्याच्या वावराशेजारी, कुणाच्या द्राक्षबागेपलीकडे. आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत प्रत्येक छत्री जमिनीखालच्या केबलमधून मध्यवर्ती इमारतीकडे पाठवते. तेथे ते एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि त्यातून दूरच्या तारकाविश्वाचे चित्र उमटते. छत्र्यांमधले अंतर जितके जास्त, तितके चित्र रेखीव. त्यामुळे टोकाच्या छत्रीला मान मोठा होता, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताही मोठा होता.

सगळ्या छत्र्या एकाच वेळी धडधाकट ठेवणे हे माझे काम. एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या लग्नात सर्वांचा एकत्र फोटो काढायचा ठरला की नेमका कुणीतरी विहिरीवर गेलेला असतो. आमचे तसेच होते. आज एकीची केबल उंदराने कुरतडलेली, उद्या दुसरीच्या यंत्रणेत ओल शिरलेली, परवा तिसरीकडे वीजच गेलेली. अमुक एक छत्री उत्तम चालते, या बोलण्याला आमच्याकडे फारशी किंमत नव्हती. ठरलेल्या दुपारी सगळ्या चालल्या, तरच यंत्रणा विश्वासार्ह.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका संशोधक विद्यार्थिनीची निरीक्षणाची पाळी होती. मुलगी नागपूरची, हसरी, पण त्या दिवसांत जेवणाकडे लक्ष नसलेली. तिला एका दूरच्या तारकाविश्वाचे चित्र हवे होते आणि त्यासाठी टोकाची छत्री अत्यावश्यक होती. मागच्या खेपेला वादळी पावसाने तिचा सारा वेळ वाया घालवला होता. ही पाळी हुकली तर पुढची मिळेपर्यंत तिची शिष्यवृत्ती संपणार होती, आणि प्रबंध अर्धाच राहणार होता. तिचे तारकाविश्व दक्षिण क्षितिजालगतचे, म्हणून ते दुपारी उगवून संध्याकाळीच मावळणार होते. तेवढाच अवधी.

सकाळी चाचणीसाठी सगळ्या छत्र्यांना पूर्वेकडे वळण्याची आज्ञा दिली गेली. सगळ्या वळल्या. पश्चिमेकडच्या रांगेतली शेवटची मात्र सरळ वर आकाशाकडे बघत राहिली. तिचा ब्रेक सुटत नव्हता. आम्ही पुन्हा पुन्हा आज्ञा दिली. ती जागची हलली नाही.

मी हत्यारांची पेटी घेऊन जीपकडे निघाले, तर ती मुलगी आधीच मागच्या सीटवर बसलेली. तिला नको म्हणायला मला जमले नाही. तसे मला कुणालाच नको म्हणायला जमत नाही. आमचे ड्रायव्हर जवळच्याच पेठ गावचे, बोलके गृहस्थ. नारायणगावात टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यातून त्यांनी वाट काढली. ओझरचा फाटा आला तेव्हा मुलीने दबक्या आवाजात विचारले, "काका, दोन मिनिटं थांबता येईल का? गणपतीचं दर्शन घेते."

"हितनंच हात जोडा, पोरी. इघ्नहराला समदं दिसतंय. आपल्याला थांबाया टाइम न्हाई."

तिने चालत्या जीपमधून हात जोडले. मीही जोडले, पण पेटी मांडीवर असल्याने एकाच हाताने.

शेवटच्या छत्रीखाली एक लहानशी पक्की खोली आहे. तिच्यात छत्री फिरवणारी यंत्रणा एका लोखंडी कपाटात बसवलेली असते. तेथे रखवालीला असलेले गृहस्थ शेजारच्याच वावराचे मालक. त्या छत्रीवर त्यांचा जीव होता. आम्ही उतरताच ते डोक्यावरची टोपी सारखी करीत पुढे आले.

"या, म्याडम. या, पावणं. सकाळधरनं बघतुया, बाकीच्या कलंडल्या आन् आमचीच ताठ उभी. रुसली का काय?"

"तुमीच कायतरी बोलला असाल तिला," ड्रायव्हर म्हणाले.

"म्या कशाला बोलू? खंडेनवमीला एवढी साग्रसंगीत पूजा केली तिची!"

खोलीच्या दारावर झेंडूचे तोरण अजून होते, थोडे सुकलेले. मी कपाट उघडले. आत, खालच्या कप्प्यात, पितळी वाटीत गुळाचा खडा आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवलेला होता. वाटीपासून निघालेली मुंग्यांची रांग तारांच्या जुडग्यावरून शिस्तीत वर चढत होती आणि ब्रेक सोडणाऱ्या रिलेच्या आवरणात शिरत होती. रिले म्हणजे आज्ञा मिळताच मिटणारा विजेचा एक छोटा खटका. त्याच्या मिटणाऱ्या दोन टोकांच्या मध्ये मुंग्या चिरडल्या गेल्या होत्या, म्हणून ती टोके एकमेकांना भेटत नव्हती.

"नैवेद्य आत कसा गेला?" मी विचारले.

रखवालदारांनी ड्रायव्हरकडे पाहिले. "भाईर ठिवला तर कुत्रं खातंय, म्हणलं आत ठिवावा. पर किल्ली यांनीच लावली."

"आवं भाऊ, तुमी हट्ट केला म्हणून लावली! देवाच्या पायापाशीच पायजे, असं म्हणत व्हता."

"मग? कपाट म्हंजी तिचं पायच की!"

"आन् वाटीतला पेढा मी उचलला तवा वरडला माझ्यावर. बरं झालं उचलला. न्हाई तर जुन्नरच्या समद्या मुंग्या आल्या असत्या, राव."

मुलगी एवढा वेळ दाराच्या चौकटीला टेकून ओठ चावत उभी होती. हे ऐकून तिला हसू फुटले आणि ते काही केल्या आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. त्या पाण्यात हसणे किती आणि काळजी किती, हे मी विचारले नाही.

मी वीज बंद केली, नवा रिले बसवला आणि कपाटातल्या मुंग्या मऊ ब्रशाने झाडून काढल्या. रखवालदारांनी वाटी उचलून बांधावरच्या निंबाखाली नेऊन ठेवली. ड्रायव्हरनी पूजेतली उरलेली हळद कपाटाच्या भोवती जमिनीवर शिंपडली आणि तारा ज्या भोकातून आत येतात ते मी पुट्टी भरून बुजवले. मग टेलिफोन उचलला. फोनवर मी एरवी हळूच बोलते, पण त्या दिवशी मी पुष्कळच मोठ्याने म्हणाले, "आता वळवा."

आम्ही सगळे बाहेर धावलो. आधी मोटारीची घरघर ऐकू आली, आणि मग ती भलीमोठी जाळी इतक्या सावकाश कलू लागली की ती हलते आहे हे तिच्या सावलीवरूनच आधी कळले. सावली कांद्याच्या रोपांवरून सरकत बांधापाशी आली. मुलगी तिच्याबरोबर एकेक पाऊल सरकत होती.

"निघाली! निघाली बया!" रखवालदार टोपी हातात घेऊन म्हणाले.

तारकाविश्व तेव्हा नुकतेच क्षितिजावर आले होते. संध्याकाळी ते मावळेपर्यंत आम्ही तेथेच थांबलो. तशी काही गरज नव्हती, पण निघावेसे कुणालाच वाटले नाही. रखवालदारांच्या घरून पिठले-भाकरी आली. मुलीने त्या आठवड्यात पहिल्यांदाच पोटभर जेवण केले आणि मधूनमधून वर बघत राहिली. छत्री आपल्या संथ गतीने पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरत होती. मध्यवर्ती इमारतीतून निरोप आला: सगळ्या छत्र्या चालू, एकही गैरहजर नाही.

तिचे चित्र सुरेख आले. पुढे प्रबंधही वेळेत पूर्ण झाला.

माझ्यावर मात्र नियम करण्याची जबाबदारी पडली. बैठकीत एकाने सुचवले की यंत्रांची पूजाच बंद करावी. मला ते पटले नाही, आणि सर्वांसमोर मी तसे सांगितलेही. दर खंडेनवमीला ही माणसे छत्रीचा पाया धुतात, जाळीतली घरटी हलक्या हाताने उतरवतात, गंजलेला खिळा दिसला तर कळवतात. आमच्या वार्षिक तपासणीतून निसटलेले दोष त्या दिवशी सापडतात. तेव्हा मी नियम केला तो एवढाच: फूल दारावर, हळदकुंकू उंबऱ्यावर, आणि खाण्याचा कोणताही पदार्थ खोलीच्या आत न्यायचा नाही. नियम निमूटपणे पाळला गेला.

पदवी मिळाल्यानंतर ती मुलगी नागपूरहून आली, ती थेट शेवटच्या छत्रीकडे गेली. दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. रखवालदार बोलत होते.

"म्याडम, आपलं नागपूरचं पावणं आल्यात. डाक्टर झाल्या म्हणं. लई मोठा पेढ्याचा पुडा आणलाय, आन् म्हणत्यात, पयला पेढा छत्रीच्या पायाशी कपाटातच ठिवायचा. म्या सांगितलं, नियम हाय. तर म्हणत्यात, म्याडमला इचारा, एकच मिनिट ठिवते आन् लगेच उचलते. काय करू?"

मागून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. रिसीव्हर कानाला धरून मी भिंतीवर लावलेला, मीच केलेला नियम पुन्हा वाचला.

वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असतात, तर काय उत्तर दिले असते?