पंचवीस डब्यांचं वाण

जाहीर निवेदन. बिबवेवाडी व पंचक्रोशीतील समस्त महिलावर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका संक्रांतीला ज्या पंचवीस जणींनी माझ्या घरून हळदीकुंकवाचं वाण म्हणून क्रीमची एकेक डबी नेली, त्या सर्व जणी एका वैज्ञानिक प्रयोगात सहभागी झाल्या होत्या. त्यांना याची कल्पना देण्यात आली नव्हती. कळावे, लोभ असावा.

हसलात ना? माझं हे असंच होतं. काही गंभीर सांगायला बसले की आधी माझ्यातली नटी उठते, पदर सारखा करते आणि मध्यभागी येऊन उभी राहते. पण ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मी कोण? जिच्या कानात काही सांगणं म्हणजे सोसायटीच्या सूचना फलकावर लावणं — ती मी. मग हेच एवढं कसं काय पोटात राहिलं? तुम्हीच बघा.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. ह्यांनी चिंचवडच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. म्हणजे निवृत्ती ह्यांची, स्वेच्छा कारखान्याची. मी घरी क्रीम करायला लागले होते. बदामाचं तेल, मधमाशांचं मेण, गुलाबपाणी. दोन पातेली आणि एक रवी. भिशीतल्या बायका न्यायच्या, बरं बोलायच्या, झालं. मग हिंजवडी उगवली, आणि भिशीतल्या एकीची भाची तिथल्या कंपनीतर्फे सहा महिने परदेशी राहून परत आली. तिने पर्समधून एक ट्यूब काढून दाखवली. त्यावर उडी मारणारा ससा होता. "काकू, आम्ही आता ॲनिमल टेस्टिंगवालं काही वापरतच नाही," म्हणाली. मला काही कळेना. तेव्हा तिने एका मासिकातला फोटो दाखवला. ओळीने ससे, माना फळीत अडकवलेल्या, डोळे लाल.

मी रडले. खोटं नाही सांगत — त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही. ते डोळे समोरून हलेनात. आरशासमोर उभं राहून तोंडाला काही लावावं आणि त्यापायी कुठे कुणाला काही दुखलेलं नाही हे आपल्याला ठाऊक असावं — यात केवढं सुख आहे, हे मला त्या मुलीने शिकवलं. तिच्या मैत्रिणींना गोरेपणा नको होता. त्यांना निवांत मनाने तोंड धुऊन ऑफिसला जायचं होतं. मला हे इतकं आवडलं की मी ह्यांना पुठ्ठ्यात सशाचं चित्र कापायला बसवलं, डबीवर उमटवायला. ह्यांनी कापलं. ससा कमी आणि गाढव जास्त वाटत होता. "आपल्या घरात झुरळसुद्धा टिकत नाही, तू कुठला प्राणी धरून आणणार होतीस चाचणीला?" एवढं बोलून हे पेपर वाचायला गेले.

तर भाचीने ऑफिससाठी मोठी ऑर्डर दिली. एकच तक्रार होती: वास काकूंच्या कपाटासारखा येतो, जरा फ्रेश हवा. मी रविवार पेठेत जाऊन लिंबाच्या सालीचं तेल आणलं आणि नाकाच्या अंदाजाने ओतलं. घर असं घमघमलं म्हणता. मग भाचीने सहज विचारलं, "पण काकू, प्राण्यांवर नाही, तर सेफ आहे हे कळतं कसं?" मी गालावर हात ठेवला, मान वळवली आणि म्हटलं, "स्वतःवर लावून, अगं." तिने मला मिठीच मारली.

ते तेव्हा खोटं नव्हतं. मी लावणारच होते. पण माघ लागल्या लागल्या माझ्या भाच्याचं लग्न होतं. मी मावशी, पैठणी काढून ठेवलेली, फोटोग्राफर ठरलेला. तोंडावर काही उठलं तर? मी डबी उघडली, बोट बुडवलं. ते बोट गालापाशी नेलं — आणि मग काय केलं? रुमालाला पुसलं. ह्यांनी विचारलं, "तू लावून बघितलंस का?" मी हो म्हटलं. पहिलं खोटं ते, घरातच बोलले.

आणि तेव्हाच ती कल्पना सुचली. अशी सुंदर कल्पना की मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. हळदीकुंकवाला घरी आलेल्या बाईला वाण द्यायचं असतं — स्टीलची वाटी, प्लास्टिकची चाळणी, काहीही. आणि कपाळाला कुंकू लावून, हातावर तिळगूळ ठेवून दिलेली वस्तू कुणी परत करत नाही. त्यात काय घातलंय, असं विचारत तर कुणीच नाही. पंचवीस जणी, पंचवीस चेहरे. एवढे ससे कुठल्या प्रयोगशाळेला मिळाले असते?

वाण लुटलं. त्यानंतर आठ दिवस मी काय करत होते, सांगू? तोंडं बघत होते. भाजीवाल्यापाशी, जिन्यात, देवळाच्या रांगेत — कुणी भेटली की आधी तिचे गाल, मग ती. वहीत सगळ्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे मी लिहीत होते: लाली नाही, खाज नाही. रोज थोडी धास्ती असायची. खरं सांगायचं तर त्या धास्तीत मजाही होती. चोवीस नावांपुढे बरोबरची खूण झाली.

पंचविसावी प्रणिता.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. यवतमाळकडची, लग्नाला वर्ष झालेलं. नवरा कारखान्यात कंत्राटी कामगार. आज काम आहे, उद्याचं माहीत नाही. गावाकडून सासूचा निरोप होता — संक्रांत झाली की सुनेने परत यावं, तिथे एकट्याच्या पगारात दोघांचं कशाला? त्यामुळे प्रणिता नोकरी शोधत होती आणि हळदीकुंकवाच्या आदल्याच दिवशी तिला ती मिळाली होती. एका सॉफ्टवेअर कंपनीत, समोरच्या टेबलावर. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, फोन घ्यायचे. आधी तीन दिवस प्रशिक्षण, मग सोमवारी रुजू व्हायचं. वाण हातात देताना मी तिला मुद्दाम म्हटलं होतं, "भरपूर लाव हो, आता तुला चेहऱ्याची नोकरी." ऐकलंत? मी म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी ती खाली आली. दारात उभी राहिली. चेहऱ्याची उजवी बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक, वर बारीक फोड. डावा गाल स्वच्छ. मधे अशी रेघ, जशी कुणी पट्टी धरून आखली असावी.

मला त्याच क्षणी कळलं. बाकीच्या जणी एकतर घरात होत्या, नाहीतर स्कूटीवरून जाताना चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळणाऱ्या — असा की सख्खा नवरा ओळखणार नाही. प्रणिताला ती पुणेरी सवय लागली नव्हती. तिन्ही दिवस ती भर दुपारी बसने परतली, उजव्या बाजूच्या खिडकीपाशी बसून, तोंडावर ऊन घेत. आणि तेल देताना रविवार पेठेतला दुकानदार मला म्हणाला होता — एकदा नाही, दोनदा — "ताई, थोडंच घाला, आणि हे लावून उन्हात जाऊ देऊ नका कुणाला." मी ऐकलं होतं. मला ऐकू कमी येत नाही. डबीवर सशाला जागा होती, त्या वाक्याला नव्हती.

"काकू, परवा जॉइनिंग आहे हो. काऊन झालं असंन हे?" तिने विचारलं. "तुमची क्रीम सोडून दुसरं काई लावलं नाही मी."

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? दोन वाक्यं होती. क्रीममुळे झालं, चूक माझी आहे. त्वचेच्या डॉक्टरकडे रिक्षाने दहा मिनिटं. कंपनीत तिच्याबरोबर मी स्वतः गेले असते, माझ्या जिभेने त्यांना पटवलं असतं. मी कुणालाही काहीही पटवू शकते.

आणि मी तिलाच पटवलं. म्हटलं, "छे गं, मग बाकी चोवीस जणींना का नाही झालं? तुला पुण्याचं पाणी मानवलेलं नाही. बाहेरचं काही खाल्लंस का?" तिने खरंच आठवून बघितलं. प्रशिक्षणाच्या वेळी वडापाव खाल्ला होता, म्हणाली. "बघ," मी म्हटलं. मग कोरफड कापून दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "ती डबी दे माझ्याकडे, ओळखीच्या डॉक्टरांना दाखवते." ती वर गेली आणि डबी घेऊन आली. झाकण पुसून आणली होती. ती गेल्यावर मी मोरीत गरम पाणी ओतून डबी रिकामी केली. मेण नळीत अडकलं, म्हणून आणखी पाणी तापवलं. लिंबाचा वास दुपारपर्यंत जाईना.

सोमवारी कंपनीतल्या माणसाने तिला बघितलं आणि बरं वाटल्यावर या म्हणाला. ती बरी होईपर्यंत त्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. लाली गेली, पण जागी तपकिरी डाग राहिला. सासूचे निरोप वाढले. त्या महिनाभरात वरून भांडणाचा आवाज यायचा आणि मी रेडिओ मोठा करायची. शेवटी तिला विश्रांतवाडीला काम मिळालं. एका लांबलचक हॉलमध्ये बसून दिवसभर संगणकात नावं-पत्ते भरायचे. तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं. दोन बस बदलून जायची. तिने एक स्कार्फ घेतला होता, निळा.

ऑर्डर मी वेळेत दिली. लिंबाचं तेल काढून टाकलं होतं. डबीवर ते गाढवासारखं ससुलं आणि खाली ओळ: प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. त्या ओळीतला एकही शब्द खोटा नव्हता. तीच क्रीम मी अजून करते, आणि ती चांगली आहे. कुणाला त्रास होत नाही. का होत नाही, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढे माझं बरं चाललं. बचत गट, महिला मंडळं, प्रदर्शनं — लोक बोलवायचे आणि मी बोलायची. सशांचं सांगताना माझा गळा दाटायचा, खराखुरा. मग कुणीतरी तो प्रश्न विचारायचंच. मी गालावर हात ठेवायची, मान वळवायची, जरा थांबायची: "स्वतःवर." टाळ्या. किती वर्षं? मोजत नाही. सशांसाठी मी जितक्यांदा रडले, त्यातलं एकदाही त्या मुलीसाठी नव्हतं. मधल्या काळात ती धायरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, पेढे द्यायला आली, टेबलावरची एक डबी उघडून वास घेतला. मी पेढा खाल्ला, तिच्या गालाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बिचारीला कळलंच नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

मागच्या वर्षी महिला दिनाला हिंजवडीतल्या एका कंपनीने मला भाषणाला बोलावलं. प्रशासन विभागाच्या मॅडमचा फोन होता. मॅडम म्हणजे प्रणिता. केस पांढरे व्हायला लागलेले, आवाजात वजन, पण मला काकूच म्हणाली. नाही कसं म्हणायचं? गेले. समोर दोनशे मुली. प्रणिता माइक घेऊन माझ्या डाव्या हाताला उभी, मला दिसत होता तो तिचा उजवा गाल. डाग फिकट झालाय, पण आहे. मी ससे सांगितले. गळा दाटला. आणि पुढच्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. मला प्रश्न ठाऊक होता. वाटलं, आज हा प्रश्न नको, आज दुसरं काहीही विचार. तिने तोच विचारला.

माझा हात आपोआप गालावर गेला. मान वळली — नेमकी तिच्याकडे. आणि तिच्या डोळ्यांत बघत मी म्हणाले, "स्वतःवर."

त्यानंतर काय झालं ते आधी सांगते, कारण तिचं वाक्य मला शेवटी ठेवायचंय. सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं, मॅडम आणि काकूंची जुनी थट्टा आहे. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. तिने मला शाल दिली, नारळ दिला, गाडीपर्यंत सोडायला आली, दार लावून घेतलं. त्यावर एक शब्द ती बोलली नाही, मीही नाही. मी अजूनही तिला काही म्हणालेले नाही.

माइक तिच्या हातातच होता. तिने ठरवून केलं नसावं, पटकन निघून गेलं तोंडातून, अगदी गावाकडच्या बोलीत:

"स्वतःवर कुठं काकू, माह्यावर केली होती नं तुमी. मंग लिंबू काढून टाकलं."