काचवाल्याची हाक

काचवाला भित्रा होता असं कुणी म्हणालं असतं, तर मैदानावरच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो गोलात उभा होता. समोरच्याच्या बुटाखाली डोकं घालून बॉल काढून आणणारा माणूस तो. पण त्या वर्षीचा फुटबॉलचा कप सुरू झाला आणि या माणसाची पाचावर धारण बसली. हरायची भीती होती म्हणाल, तर मुळीच नाही. त्याला भीती होती जिंकायची. नॉकआउट स्पर्धा ती. हरलात की गुपचूप घरी, जिंकलात की पुढची मॅच. आणि पुढच्या मॅचला त्याचा धाकटा भाऊ पुन्हा त्याच्यापुढे बचावात उभा राहणार.

दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या, शोकेसच्या काचा कापायच्या आणि जागेवर नेऊन बसवायच्या. मोठी काच दोघांनी उभी धरायची, पुढे धाकटा, मागे दादा. या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशीच डोक्यात ठोकून बसवतात. काच निसटली तर धरायला जायचं नाही. ज्याला आधी कळेल त्याने ‘सोड’ म्हणायचं, आणि दोघांनीही हात काढून मागे व्हायचं. काच गेली तर गेली, हात तरी राहतात. त्यांच्या वडिलांनी एकदा निसटती काच धरली होती, तेव्हापासून त्यांची दोन बोटं कधी वळलीच नाहीत. दोघं भाऊ ती बोटं बघतच मोठे झाले.

हाच शब्द दोघांनी मैदानावर नेला. इतर गोलकीपर उंच बॉल घ्यायला पुढे येताना ‘माझा’ म्हणून ओरडतात. काचवाला ‘सोड’ ओरडायचा. आवाज असा, की रस्त्यावरचे सायकलवाले मागे वळून बघायचे. सोड म्हटलं की धाकटा खाली वाकायचा आणि दादा वरून बॉल घ्यायचा. जमलेलं गणित होतं ते.

मागच्या वर्षी ते एकदा चुकलं. हाक जरा उशिरा गेली आणि दादाचा गुडघा धाकट्याच्या डाव्या कानामागे बसला. धाकटा पडला तो हलेचना. दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा काचवाला बाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडत होता. डॉक्टर म्हणाले, “त्याच जागी पुन्हा मार बसला, तर मी कशाचीच हमी देत नाही.” धाकटा पडल्या पडल्या हसला. म्हणाला, “मग दादाचा गुडघा कापून ठेवा.” हा असाच पहिल्यापासून. पुढे तो बरा झाला, सरावाला यायला लागला, आणि सगळे ती गोष्ट विसरले.

या वर्षी पहिल्याच मॅचला डावीकडून उंच बॉल आला. काचवाला ओरडला. धाकटा वाकलाच नाही. दोघं केसभर अंतराने एकमेकांच्या बाजूने गेले. मॅच जिंकली, पोरं नाचली, पण काचवाल्याच्या मनात किडा वळवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुकानात धाकटा एक आरसा पुसत उभा होता. काचवाला त्याच्या डाव्या हाताला जाऊन म्हणाला, “चहा सांगू का?” धाकटा पुसतच राहिला. चहाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. काचवाला मागून फिरून उजव्या हाताला आला आणि तेवढ्याच आवाजात म्हणाला, “चहा सांगू का?”

“सांग की. विचारतोस काय?”

काचवाल्याने त्याच्या डाव्या कानाकडे बघितलं.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

धाकट्याला कळायचं ते कळलं. त्याने फडकं खाली ठेवलं. “मागच्या वर्षीपासून. आधी आत शिट्टी वाजायची. आता तीही नाही.”

“मी मास्तरांना सांगतो.” मास्तर म्हणजे त्यांचे कोच. हाडाचे शिंपी, म्हणून मास्तर.

“सांग जा. कान तर घेतलासच माझा, आता खेळही घे.”

हे असं बोलणं माणसाला उभं कापतं. धाकट्यालाही ते लगेच कळलं. तो दादाचा हात धरून म्हणाला, “एवढा एक कप होऊ दे, दादा. मग मीच सांगतो. आईची शपथ.”

काचवाल्याने तोंड शिवून घेतलं. चुकलंच त्याचं. पण ज्याच्या गुडघ्याने भावाचा कान गेला, त्याने कुठल्या तोंडाने त्याचा खेळ काढून घ्यायचा?

मग भीतीने त्याच्या घरातच मुक्काम ठोकला. उजवीकडून बॉल आला तर ठीक होतं. धाकटा तिकडे वळायचा आणि त्याचा चांगला कान गोलाकडे राहायचा. डावीकडून आला, की मेलेला कान दादाकडे. म्हणून काचवाला डाव्या बाजूच्या बचावपटूच्या जिवावर उठला. तो बिचारा पोस्टमन. “डावीकडून एक बॉल आत येता कामा नये,” काचवाला त्याला सारखा बजावायचा. पोस्टमन म्हणायचा, “अरे, मी माणूस आहे, भिंत नाही.”

घरी ताटातलं अन्न तसंच राहायला लागलं. बायको म्हणाली, “अहो, हरलात तर काय आभाळ कोसळणार आहे का?”

“नाही ना,” काचवाला म्हणाला. “मीही तेच म्हणतोय.”

तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

सेमीफायनलला तो ठरवूनच गेला होता. एक गोल सोडायचा, सुटायचं. कुणाला काय कळतंय? दुसऱ्या हाफमध्ये तशी संधी आयती चालून आली. समोरच्याने खालून, कोपऱ्यात मारलेला साधा बॉल. काचवाल्याने मनाशी म्हटलं, जाऊ दे. आणि बघतो तर बॉल त्याच्या छातीशी. मेल्या हातांनी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. पुढे पेनल्टींवर गेलं, तिथेही हात तसेच वागले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो हुंदके देऊन रडत होता. लोक म्हणाले, बघा, किती जीव आहे याचा टीमवर.

फायनलला मैदान गच्च भरलं होतं. एका गोलने काचवाल्याची टीम पुढे होती आणि मॅच संपत आली होती. तेवढ्यात पोस्टमनच्या पायाला लागून बॉल बाहेर गेला. कॉर्नर, डावीकडून.

बॉल उंच आला, हवेत लटकल्यासारखा. काचवाला पुढे झेपावला, मुठी वर, गुडघा वर, जसं नेहमी यायचं तसं. बेंबीच्या देठापासून ओरडला, “सोड.”

धाकटा बॉलकडे बघत मागे मागे येत होता. डावा कान दादाकडे, उजवा प्रेक्षकांच्या गोंगाटाकडे. तो वाकला नाही. त्याचं डोकं बरोबर तिथेच येणार होतं जिथे दादाचा गुडघा जात होता.

एका क्षणात काचवाल्याला दवाखान्याचं बाक दिसलं. सोड म्हटलं की दोघांनी सोडायचं असतं. एकाला ऐकू आलं नाही, तर दुसऱ्याने तरी. त्याने गुडघा खाली घेतला, हात काढले, अंग चोरलं आणि बाजूला पडला. धाकट्याच्या डोक्याला बॉल ओझरता लागला आणि रिकाम्या गोलात गेला.

बरोबरी झाली. नंतर पेनल्टींत हरले. एकही बॉल काचवाल्याच्या हाताला लागला नाही. प्रेक्षक त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटा बाकावर बसून धुमसत होता. शेवटी फुटला. “दादा, हातातला बॉल टाकलास. बरं, नव्हतं यायचं तर नव्हतं यायचं. निदान ओरडायचंस तरी. ओरडला का नाहीस?”

काचवाल्याच्या जिभेवर खोटं तयार होतं. घसा बसला होता म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्याने भावाच्या मानेकडे बघितलं, कानामागच्या त्या जागेकडे.

“ओरडलो होतो,” तो म्हणाला.

“काहीही सांगू नकोस.”

“अरे, ओरडला म्हणजे काय,” पोस्टमन म्हणाला. “माझ्या कानठळ्या बसल्या. गेटवरच्या माणसानेही ऐकलं असेल.”

धाकट्याचा चेहरा उतरला. मास्तर त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. ते हळूच म्हणाले, “पोरा, इकडे बघ.”

धाकटा समोरच बघत राहिला. खोलीतल्या सगळ्यांनी ते बघितलं.

मग त्यालाही सगळ्यांच्या नजरा कळल्या. तो वाकून बूट काढायला लागला. नाडीची गाठ भिजून घट्ट झाली होती, आणि त्याची बोटं ऐकत नव्हती. काचवाला त्याच्या उजव्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसला.

“सोड,” तो म्हणाला.

धाकट्याने हात काढले. दादाने गाठ सोडवली.