दीड कोयता

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. मी नवऱ्यानं टाकलेली, शेजारीण विधवा. आम्ही दोघी मिळून पूर्ण कोयता होणार, असं मी मनात पक्कं धरलं होतं. त्या दुष्काळात धारूरच्या डोंगरकडेला प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं, मग गावात राहून करणार काय?

विचारायला गेले तर शेजारीणबाईंनी आधीच दुसरीला शब्द दिलेला. दुसरी म्हणजे आमच्याच गल्लीतली, मुलगा म्हणून जन्मलेली, पुढे लुगडं नेसली म्हणून बापानं घराबाहेर काढलेली.

"तिला कुणीच घेईना," शेजारीण म्हणाली. "तूबी चल की संगं."

म्हणजे त्या दोघी एक कोयता आणि मी वरचा अर्धा! अंगाचा नुसता तिळपापड झाला, तरी गेले.

सहकारी साखर कारखान्याच्या उसाच्या फडात शेजारीण ऊस तोडायची, ती दुसरी मोळ्या बांधायची. मोळी कशी आवळते बघ, हे कौतुक मला दिवसभर ऐकावं लागे. पूर्वी माझ्या डोक्याला तेल लावणारे शेजारणीचे हात आता तिचे केस विंचरत. ते केस माझ्यापेक्षा लांब होते, हेही मला खुपायचं. दोघी हसल्या की मी उगाच भांडी आपटायचे. माझा जळफळाट सगळ्या टोळीला ठाऊक झाला होता.

मग टोळीतल्या पुरुषांनी कुरबुर सुरू केली. पाचटाच्या आडोशाला बायका अंघोळ करत, तिथं ही जाते, हे त्यांना चालेना. बायकांची काहीच तक्रार नव्हती. पाठ चोळायला त्या तिलाच हाक मारत. तरी मुकादम आमच्या झोपडीपाशी, पाचटाच्या कोपीपाशी, आला. हिला गावी धाडतो, मग तुम्ही दोघी पूर्ण कोयता, म्हणाला. मला हवं तेच तो ताटात वाढत होता. शेजारणीचा चेहरा उतरला. ती दुसरी खाली बघून कोयत्याला धार लावत राहिली.

मुकादमानं नेमकं मलाच विचारलं, "तूच सांग, ही बाई हाय का?"

गावी तिला ना घर होतं ना पाणी.

"बाईच हाय," मी म्हणाले. "न्हाईतर मी एवढी जळले असते कशाला?"

बायका हसत हसत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. सगळ्याच काम टाकून बसल्या तर फड कोण तोडणार, म्हणून मुकादम गुमान निघून गेला. शेजारणीनं त्या संध्याकाळीही तिचेच केस विंचरले, आणि मी हंगाम संपेपर्यंत अर्धाच कोयता राहिले.